सगळे, बंद धरून

चोडणला रात्री नेटवर्क फेरीबोटीसारखं वागतं:
पलीकडे दिसतं, अलीकडे यायला वेळ लावतं.
तोवर मी काळ्या पडद्यासमोर बसून राहते.
मग पीएस लिहिते. एंटर.

अकरा कंटेनर चालू.
दोन डेटाबेसचे, एक टपालाचा,
एक कोपेनहेगनच्या कुठल्या दंतवैद्याच्या अपॉइंटमेंटांचा.
बाकीचे कशाचे, ते लॉग उघडल्याशिवाय
मलाही सांगता यायचं नाही.

नाव द्यायला विसरलं तर यंत्रच बारसं उरकतं,
एक विशेषण, एक आडनाव:
उदास अमका, आनंदी तमका.
गेल्या आठवड्यात एकाला त्याने ‘हट्टी’ ठेवलं
आणि तो खरंच उठेना.
एकशे सदतीस म्हणाला नि गेला.
एकशे सदतीस म्हणजे बहुतेक मेमरी संपली,
वरून कोणीतरी मान दाबली.
त्याच्या लॉगमध्ये कारण नव्हतं.
मरणाऱ्याला लिहायला सवड कुठली.

रुझार मानशीकार विचारतो,
‘बाये, रातभर तूं कितें करता गो?’
सांगते: पेट्या आहेत. प्रत्येकीला वाटतं
आपण एकट्या, आपलं घर, आपलं पाणी.
मी बाहेरचा एक आकडा आतल्या आकड्याला जोडून देते,
तेवढ्या फटीतून ये-जा.
‘म्हणजे मानस,’ तो म्हणतो.
‘आनी भरतेक दार कोण लायता?’

त्याच्या मानशीचं दार कोणीच लावत नाही.
भरतीचं पाणी फळ्यांना रेटून स्वतःच बंद करतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं.
मग तू कशाला रे, मी विचारलं.
विडी कानावर ठेवून म्हणाला,
‘फळी कुसता, त्या दिसाक.’

आज पुनव.
डेटाबेसमधला एक पडतो, उठतो, पडतो.
पडला की पुन्हा उठव, कायम,
असं मीच कधीतरी लिहून ठेवलेलं.
लॉगच्या मागे लागले होते,
ओळी खालून वर, खालून वर,
तेवढ्यात अंगणात बॅटरीचा उजेड.
बांदाला भोंक. कुर्ल्यांचं काम.

मी टोपलीने चिखल देत गेले,
तो पेंढा घालून पायाने दाबत गेला.
खारं पाणी पोटऱ्यांवरच्या ओरखड्यांत जळत होतं.
हाक कोणाला मारायची म्हणून रुझार
वाड्याकडे तोंड करून घरं मोजू लागला:
आंतोनेत, स्विंडनला.
तिची भावजय, तीही स्विंडनला.
रोहिदास फोंड्याला, फ्लॅटात.
मिंगेलच्या दाराला कुलूप, कुलपावर वेल.
पुतू केरकर तर ह्याच वर्षी,
चवथीच्या आदल्या दिवशी.
मला वाटलं होतं, हा उजेड असलेली घरं मोजेल.
ती दोनच होती.
एक त्याचं, एक माझं.

परत आले तेव्हा कर्सर तिथेच लुकलुकत.
डेटाबेस एकेचाळीस वेळा पडून
बेचाळिसाव्याला उभा, मी नसताना.
का, ते कुठेच लिहिलेलं नाही.

चिखलाच्या बोटांनी पुन्हा पीएस लिहिलं,
पुढे एक आडवी रेघ आणि ए:
सगळे, बंद धरून.
पडदा भरून गेला.
चार महिन्यांपूर्वी थांबला.
दोन वर्षांपूर्वी थांबला.
शून्य, म्हणजे आपलं काम संपवून शांतपणे गेला.
हट्टीसुद्धा होता, एकशे सदतीससकट.

हे एका आज्ञेत झाडून टाकता येतं.
जागा होते, बऱ्यापैकी.
यंत्र एकदाच विचारतं, नक्की ना?
वाय किंवा एन.

धक्क्याकडून इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला,
कोणी तरी पहाटेच्या बाजाराला निघालं असणार.
डिस्क एक्क्याण्णव टक्के. उद्या भरेल,
उद्या शिव्याही खाईन.
एन दाबलं.

रुझारची टोपली माझ्याकडेच राहिली.